घराचा कागद कुणाच्या पेटीत?



‘घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून’ असं आपल्याकडे म्हणतात. दोन्हीत माणूस पुरता जेरीला येतो, असा त्याचा अर्थ. पण घराला पैसा आला कुठून आणि घर उभं राहिल्यावर त्याचा कागद गेला कुणाच्या पेटीत, हे काही म्हण सांगत नाही. आज आम्ही तेच जरा मागं जाऊन सांगणार आहोत.

गटांच्या बैठकीत घरकुलाचा विषय निघाला की बायका एकच गोष्ट विचारतात, ‘यादीत नाव आहे का?’ नाव असेल तर आनंद, नसेल तर विषय संपला. पण यादी हे घराचं एकच दार झालं. गेल्या दीडशे वर्षांत अशी बरीच दारं उघडली. काही बंद पडली, काही आजही उघडी आहेत, आणि काहींची कडी आपण कधी वाजवलीच नाही. ही दारं कुणी उघडली ते कळलं, तर कडी कशी वाजवायची तेही कळेल.

सावकाराची वही

सुरुवात करू पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून. १८७५ चा मे महिना. सुप्याच्या बाजारात शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या घरांवर हल्ला केला. लोकांना मुख्यतः हवे होते ते कागद. कर्जाची खतं आणि हिशेबाच्या वह्या शोधून त्यांनी होळी केली. हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पोहोचलं. इतिहासाच्या पुस्तकात याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात.

लोक कागदावर का तुटून पडले? कारण सावकाराच्या वहीत काय लिहिलंय ते त्यांना वाचता येत नव्हतं. वाचता न येणाऱ्या कागदावर अंगठा उठला की जमीन जायची, घर जायचं, आणि कोर्टात तोच कागद खरा ठरायचा. सरकारनं चौकशी नेमली आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला. तो सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. त्यातली मोठी गोष्ट अशी की कोर्टाला कागदाच्या मागं जाऊन बघायचा अधिकार मिळाला. मूळ रक्कम किती होती, व्याज किती चढवलं, फेड किती झाली, हे सगळं न्यायाधीशानं तपासायचं.

हीच कल्पना आजही जिवंत आहे. महाराष्ट्राचा २०१४ चा सावकारी नियमन कायदा सांगतो की परवाना नसलेल्या सावकारानं कर्जापोटी घर किंवा जमीन बळकावली असेल, तर सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाकडे अर्ज करता येतो. १५ वर्षांपर्यंतचे मागचे व्यवहार तपासता येतात आणि चौकशीत सावकारी सिद्ध झाली तर मालमत्ता परत देण्याचा आदेश निघू शकतो. खरेदीखत झालंय म्हणजे सगळं संपलं, असं समजून गप्प बसलेली घरं आपल्या आसपास आजही आहेत. त्यांच्यापर्यंत ही गोष्ट पोहोचवा.

गहाणाचे प्रकार, आणि एक सापळा

१८८२ मध्ये मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा आला. गहाण म्हणजे काय, हे त्यात लिहिलं गेलं. तो कायदा आजही चालू आहे. आपल्या बोलीत त्यातले तीन प्रकार ओळखीचे आहेत. नजरगहाणात घर आपल्याच ताब्यात राहतं. ताबेगहाणात घर किंवा शेत सावकाराच्या ताब्यात जातं आणि त्याचं उत्पन्न तो खातो. तिसरी ती मुदतखरेदी. यात कागद विक्रीचाच असतो, पण ‘ठरलेल्या मुदतीत पैसे दिले तर परत उलटून देऊ’ अशी अट असते.

सापळा या तिसऱ्या प्रकारात आहे. परत देण्याची अट त्याच खरेदीखतात लिहिलेली असेल तरच कायदा त्याला गहाण मानू शकतो. १९२९ साली कायद्यात तशी दुरुस्ती झाली. अट वेगळ्या स्टँपपेपरवर असेल किंवा नुसती तोंडी असेल, तर ती सरळ विक्रीच ठरण्याचा धोका असतो. आणि गहाण असेल तर पैसे फेडून आपली वस्तू सोडवण्याचा हक्क राहतो. तो हक्क कुठल्याही अटीनं काढून घेता येत नाही. म्हणून मुलीच्या लग्नाला किंवा दवाखान्याला पैसे हवेत म्हणून कुणी घराचं ‘नावापुरतं खरेदीखत’ मागितलं, तर सही करण्याआधी तो कागद गटात मोठ्यानं वाचून घ्या. ‘नावापुरतं’ असं काही कायद्यात नसतं.

कर्ज, जागा आणि घरकुल

स्वातंत्र्यानंतर गावातल्या घरांसाठी पहिला मोठा कार्यक्रम आला १९५७ मध्ये. समुदाय विकास कार्यक्रमाचा भाग म्हणून गावातल्या माणसाला किंवा सहकारी संस्थेला एका घरासाठी ५ हजार रुपयांपर्यंत कर्ज मिळणार होतं. त्या काळी ती रक्कम लहान नव्हती. पण १९८० पर्यंत सगळ्या देशात मिळून त्यातून घरं झाली फक्त ६७ हजार. एवढ्या मोठ्या देशात एवढीच. ज्याच्याकडे तारण द्यायला काही नाही आणि ज्याची मजुरी हातावर येऊन पोटात जाते, त्यानं कर्जाच्या दारात उभं तरी कसं राहायचं?

मग सरकारच्या लक्षात आलं की काहींना कर्जाआधी जागाच हवी आहे. चौथ्या पंचवार्षिक योजनेत भूमिहीनांना घरासाठी जागा आणि बांधकामाला मदत देणारी योजना आली. १९७४-७५ पासून ती राज्यांकडे गेली. १९८५ मध्ये ग्रामीण रोजगाराच्या कार्यक्रमातून अनुसूचित जाती-जमाती आणि वेठबिगारीतून सुटलेल्या मजुरांसाठी घरं बांधायला सुरुवात झाली. तीच इंदिरा आवास योजना. १ जानेवारी १९९६ पासून ती स्वतंत्र योजना झाली. ही मदत अनुदानाची होती, फेडायची नव्हती. २००४ मध्ये सपाट भागात एका घराला २५ हजार रुपये मिळत. २००८ मध्ये ते ३५ हजार झाले, २०१० मध्ये ४५ हजार, आणि २०१३ मध्ये ७० हजार.

तेवढ्यात घर पुरं होत नव्हतं, हे आपल्याला ठाऊक आहे. भिंती उभ्या राहायच्या आणि स्लॅब दोन पावसाळे अडकायचा. त्या वेळी एक सोय होती. ज्यांना इंदिरा आवासमध्ये घर मंजूर आहे, त्यांना बँकेतून अवघ्या ४ टक्के व्याजानं २० हजार रुपयांपर्यंत कर्ज मिळू शकत होतं. अगदी गरिबांना कमी व्याजात कर्ज देण्याची बँकांची ही योजना १९७२ पासूनची. घरकुल असलेल्या किती बायकांना हे कुणी सांगितलं होतं? बहुतेकींनी वाळू-सिमेंटसाठी शेकडा दरमहा ३ आणि ५ रुपयांनी पैसे उचलले. दार उघडं होतं, पण कुणी दाखवलं नाही.

बायकांनी उघडलेली दारं

आता थोडं आपल्या गावाबाहेर बघू. १९७४ मध्ये अहमदाबादला ‘सेवा’ संघटनेच्या चार हजार कष्टकरी बायकांनी प्रत्येकी १० रुपये भागभांडवल घालून स्वतःची बँक काढली. भाजीवाल्या, हातगाडीवाल्या, घरात बसून शिवणकाम करणाऱ्या बायका होत्या त्या. या बँकेतून बायकांनी घराची दुरुस्ती, छत, पाण्याचा नळ यांसाठीही कर्ज घेतलं. घरात बसून काम करणाऱ्या बाईला घर हाच कारखाना असतो. छत गळलं की मालही भिजतो आणि मजुरीही बुडते. हे बाकीच्या बँकांना दिसलं नव्हतं.

बांगलादेशात ग्रामीण बँकेनं १९८४ मध्ये घरासाठी कर्ज द्यायला सुरुवात केली. तिथं दरवर्षी पूर आणि वादळं. कर्जातून काँक्रीटचे चार खांब, पत्रे आणि शौचालयाचं सामान यायचं. म्हणजे वादळात कुडाच्या भिंती गेल्या तरी सांगाडा उभा राहायचा. त्यात एक अट अशी होती की ज्या जागेवर घर बांधायचं ती जागा कर्ज घेणाऱ्या बाईच्या नावावर पाहिजे. नवऱ्यानं जागा नावावर केली नाही तर कर्ज नाही. ज्या समाजात बाईला ‘निघ माझ्या घरातून’ म्हणणं सोपं होतं, तिथं या एका अटीनं घर तिचं झालं. १९८९ मध्ये या कार्यक्रमाला वास्तुरचनेचा आगाखान पुरस्कार मिळाला. लहानशा झोपडीवजा घरांना मिळालेला तो मान होता.

आपल्या मराठवाड्याची गोष्ट तर विसरण्यासारखी नाहीच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं दगड-मातीच्या भिंतींखाली गेली. पुनर्वसनात काही गावं नव्या जागी वसवली, आणि बाकीच्या शेकडो गावांत घरांच्या दुरुस्ती-मजबुतीसाठी कुटुंबांना टप्प्याटप्प्यानं पैसे दिले गेले. पण कोणत्या टप्प्याला किती पैसे मिळतात, भिंतीचा कोपरा कसा बांधायचा, हे सांगणार कोण? ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकारानं गावातल्या महिला मंडळांतल्या बायका ‘संवाद सहायक’ झाल्या. त्या घरोघर गेल्या, इंजिनिअरशी बोलल्या, बांधकाम बघायला शिकल्या. ज्या बायकांना ‘तुम्हाला बांधकामातलं काय कळतं’ म्हटलं जायचं, त्याच गावाला घर बांधायचं शिकवू लागल्या.

आणि सोलापूर. तिथं हजारो बायका विड्या वळतात. विडीवर उपकर बसवून विडी कामगारांच्या कल्याणासाठी निधी उभारण्याचा कायदा १९७६ मध्ये झाला होता. त्या निधीतून दवाखाने चालले, मुलांना शिष्यवृत्त्या मिळाल्या, आणि घरासाठीही मदत होती. घराची ही मदत कोपऱ्यात पडलेली होती. सोलापूरच्या विडी कामगार बायकांनी आमदार नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली ती शोधून काढली आणि तिच्यासाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढले. त्यांच्या सहकारी संस्थेला आदिवासींच्या लढ्यातल्या गोदूताई परुळेकरांचं नाव दिलं. केंद्राचा एक हिस्सा, राज्याचा एक हिस्सा आणि बाईचा स्वतःचा एक हिस्सा, असा हिशेब बसला. कुंभारीच्या माळावर दहा हजार घरं उभी राहिली आणि १ सप्टेंबर २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते त्यांचा सोहळा झाला. घरं बायकांच्या नावावर. पुढं त्याच वाटेनं असंघटित कामगारांची रे नगर वसाहत झाली. तिथली पहिली पंधरा हजार घरं १९ जानेवारी २०२४ ला दिली गेली.

मैत्रिणींनो, दिवसाला हजार विड्या वळणारी एकटी बाई मंत्रालयात गेली असती तर तिला दारावरच्या शिपायानं आत सोडलं नसतं. दहा हजार जणी एका संस्थेच्या सभासद म्हणून गेल्या, तेव्हा निधीच्या तिजोरीचं कुलूप निघालं.

नाव कुठं लिहायचं

घर मिळालं तरी नावाचा प्रश्न उरतो. शेतकरी संघटनेनं शरद जोशींच्या नेतृत्वाखाली लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला होता. ज्या गावात शंभर नवरे आपल्या बायकोच्या नावावर जमीन करतील ते लक्ष्मीमुक्त गाव. ती गोष्ट जमिनीची. घराच्या बाबतीत २००३ मध्ये राज्य सरकारनं परिपत्रक काढलं की ग्रामपंचायतीच्या दप्तरी घराची नोंद नवरा-बायको दोघांच्या नावे करावी. याला वीस वर्षं उलटून गेली. तरीही नमुना ८ चा उतारा काढला तर किती घरांवर फक्त एकच नाव दिसतं, ते तुम्हीच बघा.

इथं एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. नमुना ८ हा घरपट्टीच्या आकारणीचा उतारा आहे. त्यावर नाव असणं चांगलंच, पण तेवढ्यानं मालकी सिद्ध होत नाही. म्हणूनच गावठाणातल्या घरावर कर्ज मागितलं की बँका मान हलवायच्या. २४ एप्रिल २०२० ला स्वामित्व योजना सुरू झाली. ड्रोननं गावठाणाची मोजणी होऊन घराची मिळकत पत्रिका मिळते. तुमच्या गावची मोजणी झाली असेल तर पत्रिकेवर नाव कुणाचं लागलंय, हे आत्ताच बघा. नोंद ताजी असताना हरकत घेणं सोपं. नंतर तिच्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते.

कडी न वाजवलेली दारं

आता आजच्या योजनांकडे येऊ. २०१६ पासून इंदिरा आवासच्या जागी प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण आली. घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे २६९ चौरस फुटांचं. सपाट भागात १ लाख २० हजार रुपये आणि डोंगरी-दुर्गम भागात १ लाख ३० हजार. एवढं सगळ्यांना माहीत आहे. पण त्याच आराखड्यात रोजगार हमीतून ९० ते ९५ दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार वेगळे धरलेले होते. ज्याला हवं त्याला बँकेकडून ७० हजारांपर्यंत कर्ज मिळवून देण्याची तरतूदही होती. घर बाईच्या किंवा दोघांच्या नावे मंजूर करायचं, हेही नियमातच आहे. विधुर, अविवाहित किंवा विभक्त पुरुषाचा अपवाद सोडला तर एकट्या पुरुषाच्या नावे घर देऊ नये.

केंद्राच्या यादीत नाव नाही, तरी राज्याच्या योजना आहेत. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी रमाई आवास, आदिवासींसाठी शबरी आवास, पारधी समाजासाठी पारधी आवास, आणि इतर मागासवर्गीयांसाठी २०२३ मध्ये आलेली मोदी आवास. भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आहे. तिच्यात नुसतं घर नाही, तर वसाहतीसाठी जागाही मिळते. नोंदणी असलेल्या बांधकाम मजुरांसाठी अटल बांधकाम कामगार आवास योजना आहे. दुसऱ्यांची घरं बांधणाऱ्या कितीतरी बायकांनी आपली नोंदणीच केलेली नाही.

आणि सगळ्यांत कमी माहीत असलेली योजना जागेची. घरकुल मंजूर झालं, पण जागाच नाही, म्हणून नाव मागं पडलं, अशी कुटुंबं गावोगाव आहेत. त्यांच्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजना आहे. सुरुवातीला तिच्यातून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी ५० हजारांपर्यंत मिळत. पुढं राज्य सरकारनं ही मदत १ लाखापर्यंत वाढवली. ‘जागा नाही’ म्हणून घरकुल परत गेलं असं कुणी सांगितलं, तर पंचायत समितीत या योजनेचं नाव घेऊन लेखी अर्ज द्या, आणि अर्जाची पोच घ्या. आजचे आकडे आणि अटीही तिथंच विचारा, कारण त्या बदलत राहतात.

घर विकत घेणाऱ्या बाईसाठीही एक सवलत आहे. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात राहतं घर बाईच्या नावे घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट मिळते. दहा लाखांच्या घरामागं हे दहा हजार रुपये झाले. पण खरेदीखतात घेणाऱ्या फक्त बायकाच हव्यात. नवऱ्याचं किंवा मुलाचं नाव जोडलं की ही सूट जाते.

कागद परत आणा

गृहकर्ज म्हणजे गहाणच. मूळ दस्त बँकेत राहतात. पूर्वी कर्ज फिटल्यावरही कागदासाठी महिनोन्‌महिने चकरा माराव्या लागायच्या. रिझर्व्ह बँकेनं २०२३ मध्ये नियम केला आणि १ डिसेंबर २०२३ पासून तो लागू झाला. कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे. बँकेच्या चुकीनं उशीर झाला तर दर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई. १८७५ मध्ये कागद परत मिळवायला लोकांना वही जाळावी लागली. आज एक लेखी अर्ज पुरतो, पण तो लिहावा तर लागतोच.

या सगळ्या गोष्टींत एक धागा आहे. कायदा किंवा योजना कागदावर आली म्हणून घर झालं असं कुठंच घडलेलं नाही. कुणीतरी कागद वाचला, चारचौघींना सांगितला आणि मिळून मागितला, तेव्हा घर झालं. आपल्या गटाची वही आपण दर महिन्याला मोठ्यानं वाचतोच. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपल्या घराचा नमुना ८ चा उतारा घेऊन यावा. वही वाचून झाली की उतारे वाचू. कुणाचं नाव आहे, कुणाचं नाही, कुणाच्या घरावर कुणाचा बोजा आहे, याची एक यादी करू. मग ती यादी घेऊन ग्रामसभेत एकत्र जाऊ.

सरकारच्या यादीत नाव येईल तेव्हा येईल. तोवर ही आपली यादी तरी आपल्या हातात आहे.